जुन्या सँट्रोला ओबीडीचं डिजिटल मीटर लावावं का?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. गाडी सँट्रो झिंग, २००९ ची, पेट्रोल. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस करून आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे, तेव्हा "विकून टाक" हा सल्ला कृपया देऊ नका, तो आमच्या घरात चालत नाही.

झालं असं की मे महिन्यात ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात ट्रकांची रांग लागली. रस्त्याची कामं निघाल्यापासून तिथे हे नेहमीचंच. एसी चालू, मागे आई आणि मावशी. तापमानाचा काटा बडवाहपासून मधोमध, हलायचं नाव नाही. रांगेत जेमतेम पाच-सात मिनिटं झाली असतील, काटा मधून उठला आणि बघता बघता लाल पट्टीला टेकला. एसी बंद केला, हीटर पूर्ण उघडला (भर मे महिन्यात हीटर लावला म्हणून मावशीने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही), जागा मिळताच गाडी कडेला घेतली. निवल्यावर पाणी घालून हळूहळू सिमरोल गाठलं. हेड गॅसकेट वाचलं, नशीब.

गॅरेजमध्ये रेडिएटर साफ झाला, थर्मोस्टॅट नवा, कूलंट नवं. "आता बघायलाच नको" असं सांगण्यात आलं. पण मला बघायचंच आहे. जो काटा आधी काही बोलत नाही आणि बोलतो तेव्हा उशीर झालेला असतो, त्याच्या भरवशावर आईला घेऊन पुन्हा त्या घाटात जायची माझी तयारी नाही.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती जिथून मिळते ते) लावायची डिजिटल मीटरं मिळतात, त्यावर कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं म्हणे. पण आपल्याकडे ओबीडी-२ सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून, माझी गाडी त्याच्या चार वर्षं आधीची. चालेल का? आणि मोबाइलला जोडायचं ब्लूटूथवालं घ्यावं की स्वतःची स्क्रीन असलेलं? कायम लावून ठेवलं तर बॅटरी उतरते असंही ऐकलं. बाबांचं म्हणणं, "इतकी वर्षं काट्यावर चालली, आता गाडीला ईसीजी कशाला?"

वर्षा_महू

आमची आय-टेन २०१० ची आहे, तिला निळं ब्लूटूथवालं डोंगल (सॉकेटमध्ये खुपसायची डबी) लावलंय. मोबाइलवर टॉर्क अ‍ॅप टाकलं की आकडे दिसतात, पहिल्याच दिवशी जोडलं गेलं. एकच त्रास: उन्हाळ्यात डॅशबोर्डवर मोबाइल इतका तापतो की इंजिनाआधी तोच बंद पडतो. शिवाय मध्येच फोन आला की आकडे गायब. रोजच्या वापराला स्वतःची स्क्रीन असलेलंच बरं, अ‍ॅप तपासणीपुरतं ठीक.

अर्थिंगवाला (छोटी ग्वालटोली)

रामबागकर भिया, मी ऑटो इलेक्ट्रिशियन, आयुष्य गाड्यांच्या वायरी हुंगण्यात गेलं. जरा सविस्तर लिहितो.

आधी सॉकेट बघा. स्टिअरिंगखाली गुडघ्याच्या वर, १६ खणांचं, एक बाजू रुंद आणि एक अरुंद. टॉर्च मारून बघा कुठल्या खणांत पितळी पात्या आहेत. १६ नंबरला बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ ला अर्थिंग. हे तर असणारच. खरी गोष्ट ७ नंबरची, ती के-लाइन, माहिती नेणारी जुनी, हळू वायर. ६ आणि १४ भरलेले असतील तर कॅन, म्हणजे नवी, वेगवान पद्धत. तुमच्या गाडीत बहुधा ७ मिळेल. आता २०१३ च्या सक्तीचं. इथे सक्ती नव्हती तेव्हाही युरोपात होती, पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. सँट्रो चेन्नईहून तिकडे अ‍ॅटॉस प्राइम नावाने जायची, त्यामुळे तिच्या ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) ही भाषा येत असण्याची शक्यता चांगली. लावून बघितल्याशिवाय शब्द देत नाही.

डोंगल घेताना: या सगळ्यांच्या पोटात ईएलएम३२७ नावाच्या चिपची नक्कल असते. मूळ चिप कॅनडातल्या एल्म कंपनीची. गंमत अशी की बाजारात सगळीकडे "१.५" छापलेलं असतं आणि त्या कंपनीने १.५ अशी आवृत्ती कधी काढलीच नव्हती. नक्कल असो, चालायला हरकत नाही, पण "२.१" लिहिलेल्या बऱ्याच नकला जुन्या के-लाइनवर अडतात आणि लोक समजतात गाडीच जुनी. दुकानात गाडी नेऊन, लावून, आकडा दिसल्यावरच पैसे द्या. स्क्रीनवाल्यालाही हाच नियम. त्यातही काही निव्वळ जीपीएसवर चालतात, वेग दाखवतात आणि इंजिनाशी त्यांचा काही संबंध नसतो, ते नको.

के-लाइन हळू असते, सेकंदाला १०.४ किलोबिट. तुम्ही स्क्रीनवर दहा आकडे मागवले तर प्रत्येकाची पाळी उशिरा येते. तीनच ठेवा: कूलंट, व्होल्टेज, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे). मायलेजचा आकडा तर बघूच नका, तो या गाडीत मोजलेला नसतो, हिशेबाने काढलेला असतो.

आता तुमच्या काट्याबद्दल. तो बिघडलेला नाही, तो तसाच बनवलेला आहे. बऱ्याच गाड्यांत मोठ्या पट्ट्यात तो मुद्दाम मधोमध धरून ठेवतात, नाहीतर जरा हलला की गिऱ्हाईक गॅरेजात हजर. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं आहे ते, विचाराल तेव्हा "मला काय धाड भरलीय" आणि मग एकदम दवाखान्यातून फोन. आकडा मात्र पडदा ठेवत नाही. थर्मोस्टॅट ८२ च्या आसपास उघडायला लागतो, मोकळ्या रस्त्यावर ८५ ते ९२, गर्दीत रेडिएटरचा पंखा ९५ च्या पुढे-मागे सुरू होऊन चार-पाच अंश खाली आणतो. १०५ ला एसी बंद, ११० ला थांबा. दाबाखाली पाणी १०० वर उकळत नाही, रेडिएटरचं झाकण ०.९ बारचं असेल तर साध्या पाण्यालाही साधारण ११८ लागतात. पण झाकणाचं रबर कडक झालं असेल तर हा हिशेब कोलमडतो. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बदलला, झाकण बदललं का? ते कोणी बदलत नाही.

आणि एक गोष्ट नीट वाचा. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. होस फुटून पाणी गेलं तर सेन्सरभोवती हवा आणि वाफ राहते, तेव्हा आकडा वाढण्याऐवजी खाली येऊ शकतो आणि इंजिन आतून भाजत असतं. चढावर गाडी ताणली आहे आणि आकडा ९२ वरून ७० ला आला, तर खूश होऊ नका, थांबा. −४० दिसलं तर बहुतेक वेळा सेन्सरची वायर तुटलेली, कारण ईसीयू पाठवतो त्या आकड्यातून ४० वजा करून तापमान काढतात, शून्य आलं की −४०. ऑइलचा दाब यात दिसत नाही, त्यासाठी लाल दिवाच.

बॅटरीचं ऐकलं ते खरं. १६ नंबर कायम चालू असतो, चावी काढली तरी. डोंगल ४० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-अवर. तुमची बॅटरी ३५ ची. रोज गाडी निघत असेल तर कळणारही नाही, पण दोन-तीन आठवडे पुण्याला गेलात तर परत आल्यावर धक्का मारायला शेजारी बोलवावे लागतील. बटणवालं घ्या नाहीतर उपटून ठेवा. आणि क्लचच्या पायाला लागेल असं लोंबतं ठेवू नका, चपटी एक्स्टेन्शन वायर मिळते.

धारचे_नाना

माझी कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, तिला सॉकेटच नाही. ट्रॅक्टरच्या दुकानातून काट्याचं टेम्परेचर गेज आणलं, त्याचा स्वतःचा सेन्सर वरच्या होसमध्ये जोड टाकून बसवला. ना ईसीयू, ना अ‍ॅप, ना नक्कल. बाकी आकडे बघत गाडी चालवायची सवय वाईट. आमचा जावई ९३ चे ९४ झाले की बायकोला खिडक्या उघडायला लावतो.

रामबागकर

अर्थिंगवाले काका, तुमचं लिहिलेलं प्रिंट काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवलंय. सॉकेटमध्ये ७ नंबर निघाला. दुकानात पहिलं डोंगल नुसतं लुकलुकत बसलं, दुसरं जोडलं गेलं. वर्षाताईंचं ऐकून छोट्या स्क्रीनचं मीटरही त्याच दुकानात लावून बघितलं, चाललं, तेच घेतलं. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला चिकटवलंय, वायर खालून नेली. झाकणही नवं टाकलं. जुन्याचं रबर नखाने खरवडलं तर चुरा पडला.

काट्याबद्दल तुम्ही म्हणालात ते डोळ्यांनी पाहिलं. आकडा ८० असताना काटा मध्ये, १०२ असतानाही काटा तिथेच, केसभर हललेला नाही. बाबांना शेजारी बसवून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण हल्ली सिग्नलला थांबलो की "किती झालं?" तेच आधी विचारतात.

आता अडचण. खंडवा रोडला मोकळ्यावर ८८. तेजाजी नगर चौकात अडकलो की ९६ ला पंखा सुरू होतो, पण खाली आणायला फार वेळ लावतो, एसी चालू असेल तर ९६ चे १०१, १०२ होतात. आणि पंखा सुरू झाला की व्होल्टेज १३.९ वरून १२.५ वर येतं. हेडलाइट लावले तर १२.२. हे बरोबर आहे का? पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो.

अर्थिंगवाला

नाही, बरोबर नाही. तापमानाच्या मागे लागू नका, तुमचं उत्तर व्होल्टेजच्या रकान्यात आहे. इंजिन चालू असताना पंखा आणि दिवे लावूनही १३.५ च्या वर राहायला हवं. कमी व्होल्टेजवर पंखा फिरतो, पण हवा ओढत नाही. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा मिळतो म्हणून कळत नाही, रांगेत सगळा भार पंख्यावर येतो आणि तिथे तो थकलेला.

स्वस्त मीटरचं व्होल्टेज थोडं चुकतं, म्हणून मल्टिमीटरने खात्री करा. मीटर डीसीवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला (क्लॅम्पला नाही, थेट खुंटीला), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. गाडी चालू, पंखा, दिवे, ब्लोअर सगळं चालू. ०.२ च्या आत हवं. मग तसंच बॅटरीच्या प्लसपासून अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) जाड वायरीच्या बोल्टपर्यंत. जिथे आकडा मोठा, तिथे रोग. दोन्ही ठीक निघाले तर पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटरचे ब्रश संपलेत.

वर्षा_महू

हे वाचून आमच्या गाडीचं बघितलं, पंखा चालू असताना १३.८. हुश्श. रामबागकर, कळवा काय निघतं ते.

रामबागकर

निघालं. इंजिनच्या बाजूला ०.९ व्होल्ट! बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला जाणारी अर्थची वायर वरून काळीभोर, चांगली दिसत होती. टोकाचं रबर मागे सरकवलं तर आत तांब्याच्या तारा हिरव्या पडून भुगा झालेल्या, थोड्याच शाबूत. एवढ्या तारांतून सगळ्या गाडीचा करंट जात होता. कधीकधी सकाळी स्टार्टर आळसावल्यासारखा फिरायचा, त्याला आम्ही "थंडी" म्हणायचो. मे महिन्यातसुद्धा.

नवी जाड वायर टाकली, बसायची जागा पॉलिश पेपरने घासून ग्रीस लावलं. आता पंखा, एसी, दिवे सगळं लावून १३.७. तेजाजी नगरला भर दुपारी अडकलो तेव्हा ९६ ला पंखा लागला आणि मिनिटभरात ९१. काल घाटातही जाऊन आलो, एकटाच. सिमरोलकडे चढताना दुसऱ्या गिअरमध्ये एसी लावून ९८ च्या पुढे गेलं नाही.

काका, १०४ ला अलार्म लावलाय, बरोबर ना? आणि हिशेब कुठे पाठवू? दुकानावर पोहे घेऊन येतो.

अर्थिंगवाला

१०४ चालेल. पोह्यांवर जिरावन घालून, शेव जास्त. आणि महिन्यातून एकदा सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून पाणी बघत जा, ते मीटरमध्ये दिसत नाही.

देवास_अल्टो

२००८ च्या अल्टोला हे बसेल का? सॉकेट १६ खणांचंच आहे, पण डोंगल "जोडणी होत नाही" म्हणतंय. दोन वेगवेगळी लावून बघितली.

अर्थिंगवाला

सॉकेट तेच, भाषा वेगळी. त्या काळातल्या बऱ्याच मारुती गाड्या सुझुकीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात, ईएलएमला ती येत नाही. तिसरं डोंगल घेऊ नका. नानांनी ट्रॅक्टरचं गेज लावलंय ना, तेच तुम्हीही लावा. फक्त होसमधला जोड पितळी घ्या आणि त्याला वेगळी अर्थ वायर द्या, रबरी होसमधून अर्थ मिळत नाही, काटा शून्यावर बसून राहील.