आई-अण्णांच्या लग्नाची पन्नाशी: लॉन घ्यावा की घरीच करावं?

बोरीकाठची लेक

नमस्कार मंडळी. येत्या वैशाखात माझ्या आई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होताहेत. गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं. आम्ही तिघी बहिणी आणि एक भाऊ. मी पुण्यात, मधली सुरतेला, धाकटी नाशिकला. भाऊ-वहिनी गावीच असतात, कपाशीची शेती आणि जोडीला दुकान.

भावाच्या मनात लॉन आहे. पाचशे माणूस, स्टेज, केक, व्हिडिओ शूटिंग. त्याला गावात राहून सगळ्यांच्या लग्नाकार्यात जेवायला जावं लागतं, तेव्हा आपल्या दारीही पंगत उठावी असं वाटणं साहजिक आहे. आईबापाची सगळी उठबस तोच करतो, त्यामुळे त्याच्या शब्दाला मी कमी लेखत नाही.

अण्णांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "माले काही नको. तुम्ही समदा घर या, चार दिन ऱ्हा."

त्या "चार दिन" वर माझं मन अडकलंय. आमच्याकडे लेकींचा सण म्हणजे आखाजी, अक्षय तृतीया. लहानपणी अण्णा अंगणातल्या निंबाला नाड्याचा झोका बांधून द्यायचे आणि आधी स्वतः बसून दोर बघायचे. चारही आत्या यायच्या. आखाजीला आलेल्या आत्या अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ बघूनच परत जायच्या. आता आम्ही येतो ते पाळीपाळीनं. एकीच्या पोराची परीक्षा, दुसरीला रजा नाही. तिघी एकाच आखाजीला माहेरी होतो असं शेवटचं कधी झालं, हे मोजायला बसले तर अकरा वर्षं निघाली.

आणखी एक गोष्ट. अण्णांना आता नीट ऐकू येत नाही. चार माणसं एकदम बोलायला लागली की ते नुसते हसतात. ते हसले म्हणजे त्यांना ऐकू आलेलं नसतं, हे मला गेल्या दिवाळीत कळलं. मी एवढी वर्षं समजत होते की आमच्या गप्पांत ते रमलेत. स्टेजवर पाचशे माणसांपुढे ते दिवसभर असेच हसत बसतील, हे डोळ्यांसमोर येतं आणि पोटात कालवतं.

तिथीचाही घोळ आहे. आईला तारीख आठवत नाही. "आखाजी होऊन पाचवा दिवस, रथ यायला तीन दिवस बाकी" असं ती सांगते, म्हणजे वैशाख शुद्ध अष्टमी. भाऊ म्हणतो, मे महिन्यातला रविवार धरू, पाहुण्यांना सोयीचा.

तुमच्यापैकी कुणी असं कार्य केलं असेल तर सांगा. काय बरं झालं, काय राहून गेलं?

---

पांझराकाठचा

ताई, मी धुळ्याचा, वय ६८. सहा वर्षांपूर्वी आम्ही आमच्या मायचं सहस्रचंद्रदर्शन केलं. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणजे हजार पौर्णिमा भरायला ८० वर्षं आणि दहा महिने लागतात. गुरुजींनी हिशेब मांडला, आम्ही हॉल घेतला. साडेतीनशे माणूस जेवलं. मायला मखमली सोफ्यावर बसवलं. रांग लागली. शाल, नारळ, फोटो, पुढचा. शाल, नारळ, फोटो, पुढचा.

रात्री घरी आल्यावर मी तिचे पाय चेपत बसलो होतो. ती म्हणाली, "मनी बहीण उनी व्हती का?"

मावशी शिरपूरहून आली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई एस.टी.नं आली, रांगेत उभी राहिली, बहिणीच्या हातात लुगडं ठेवलं आणि मागून लोक ढकलत होते म्हणून खाली उतरली. माझ्या आईनं वर मान करून बघेपर्यंत फोटोग्राफरनं पुढच्या माणसाला घेतलं होतं. दोघी बहिणी एका छताखाली चार तास होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. मावशीला घरी ठेवून घ्यावं हे माझ्या ध्यानातच आलं नाही, मी आचाऱ्याच्या मागे पळत होतो. पुढच्या पावसाळ्यात मावशी गेली. मी हे अजून विसरलेलो नाही.

तेव्हा तुम्ही जे काही कराल ते करा, पण आईच्या बहिणी आणि अण्णांचे भाऊ आदल्या दिवशी मुक्कामाला बोलवा.

तिथीचं म्हणाल तर तिथी आणि इंग्रजी तारीख साधारण १९ वर्षांनी जुळून येतात. पन्नासाव्या वर्षी त्या वेगळ्याच पडणार. आईच्या मनात जो दिवस आहे तो धरा.

---

नंदुरबारची

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. वैशाखात खान्देशात पारा ४४ च्या वर जातो. सत्तरी ओलांडलेले पाहुणे मांडवात कापडाखाली बसवणार का? आम्ही सासऱ्यांची पंचाहत्तरी घरी केली. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळलं, फार देखणं झालं. पण दुपारी लाइट गेली, माझ्या चुलत सासूबाईंना भोवळ आली, आणि दीडशे माणसांना एक न्हाणीघर आणि एक संडास. बायकांचे किती हाल झाले ते बायकांनाच ठाऊक.

लॉन म्हणजे दिखावाच असतो असं नाही. तिथे कूलर असतो, पाणी असतं, म्हाताऱ्या माणसाला पायरी चढावी लागत नाही. संध्याकाळी सातनंतरचा ठेवा, दोन तासांत आटोपा, स्टेज काढून टाका. आई-अण्णांना पंगतीच्या मधोमध बसवा, लोक त्यांच्याशेजारी येऊन बसतील.

---

रावेरची सून

सगळ्यांनी छान लिहिलंय. मला फक्त एक विचारायचंय. ताई, तुम्ही तिघी बहिणी चार दिवस माहेरी राहणार, नवरे-पोरं धरून बारा-पंधरा माणसं. चुलीपुढे कोण?

मी पंचवीस वर्षं सून म्हणून आखाजी केली आहे. पहाटे उठून घागर भरायची, पितरांना आगारी, म्हणजे अग्नीत घास, टाकायची, मग खापरावर, म्हणजे चुलीवरच्या पालथ्या मातीच्या भांड्यावर, पुरणाचे मांडे, आमरस, रशी, कुरडया. नणंदा झोक्यावर. मलाही माहेर आहे, पण त्या दिवशी मी सासरी नणंदांचं करत असते आणि माझी वहिनी तिकडे माझी वाट बघते. मला नणंदांचा राग नाही, त्या माझ्या मैत्रिणी आहेत. पण कधीतरी कुणीतरी मला आधी विचारावं, एवढं मला वाटायचं.

लॉन की घर हे भावाला विचारून झालं, अण्णांना विचारून झालं. वहिनीला विचारलंत का?

---

बोरीकाठची लेक

रावेरच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि लगेच वहिनीला फोन लावला. नाही, विचारलं नव्हतं. तिनं आधी "काही नाही हो, होईल सगळं" म्हटलं. मी गप्प राहिले. मग ती म्हणाली, "माझ्या आईला बोलावलं तर चालेल का? ती एकटी असते. दर आखाजीला मी नसते तिच्याकडे."

तीस सेकंदांचं बोलणं, पण मला रात्री झोप लागली नाही.

आता असं ठरवतोय. आखाजीपासून रथापर्यंत तिघी गावी. वहिनीची आई आधीपासून आमच्याकडे. अष्टमीला संध्याकाळी घरापुढेच पंगत, शंभर माणूस, फक्त जवळचं. भावाला मी विनंती केली, तो आधी रुसला, मग शंभराचे सव्वाशे करून तयार झाला. नंदुरबारच्या ताईंचं ऐकून शेजारच्या दोन घरांची न्हाणीघरं मागून घेतली आहेत आणि जनरेटर सांगितलाय. स्वयंपाकाला बाहेरून बायका बोलवायच्या. मांड्यांचा अंदाज कुणी देईल का?

---

खापर आणि चूल

मी जळगावला ऑर्डरीवर मांडे करते. सव्वाशे माणसांना दीडशे मांडे धरा. आमरस असला की माणूस एकावर थांबत नाही. माझ्या हातानं एका खापरावर तासाला वीस होतात, म्हणून निदान तीन खापरं आणि तीन हाताच्या बायका हव्यात. एकीला करायला लावू नका, मनगट जातं.

गहू चांगला, चिकाचा घ्या. पीठ वस्त्रगाळ करा आणि कणीक हाताला तार धरेपर्यंत तिंबा. मांडा पोळपाटावर लाटून होत नाही, पुरण भरल्यावर तो दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवायचा. कणकेत चिकाटी कमी असली की खापरावर टाकतानाच फाटतो. आणि नवं खापर आणलंत तर आदल्या दिवशी तापवून बघा, ऐन वेळी तडकलं की पंचाईत.

बाकीच्या दिवसांना वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी करा. बट्टी पुरुषांनाही जमते, त्यांनाच सांगा.

---

पांझराकाठचा

ताई, एक सुचवतो. त्या काळात लग्नात भांडी यायची आणि भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असायचं. तुमच्या माळ्यावर पोत्यात असतील. ती खाली काढा. अण्णांना ऐकू येत नसलं तरी त्यांना वाचता येतं.

---

बोरीकाठची लेक

मंडळी, कार्य होऊन आठ दिवस झाले. काल पुण्याला पोचले, म्हणून आता लिहितेय.

पंगत छान झाली. एक खापर तडकलंच, पण दोनावर भागलं. भाऊ आणि तिन्ही जावई बट्ट्या वळायला बसले होते. वहिनीची आई पहिल्या दिवशी संकोचून ओसरीच्या कोपऱ्यात बसली, चौथ्या दिवशी माझ्या आईबरोबर कुरडया मोडत होती. आखाजीच्या दुपारी आम्ही वहिनीला स्वयंपाकघरातून उठवून झोक्यावर बसवलं. लग्न होऊन आल्यापासून त्या निंबावर ती पहिल्यांदा बसली. नाड्याचा दोर भावानं बांधला आणि अण्णांसारखंच आधी स्वतः बसून बघितलं.

पण मला सांगायचंय ते सप्तमीच्या रात्रीचं.

धुळ्याच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे माळ्यावरचं पोतं काढलं. सव्वीस भांडी निघाली. पितळी डबे, ताटं, तांबे, एक घंगाळ. सगळी काळी पडलेली. पोरांनी चिंच लावून अंगणात घासली. मग अण्णा खाटेवर बसले, चष्मा लावला आणि एकेक भांडं हातात घेऊन बोट फिरवत वाचायला लागले. "चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम भेट." मग तो मामा कोण, त्याची बैलजोडी कशी होती, तो वरातीत कुणावर चिडला. आम्ही कुणी मध्ये बोलत नव्हतो, त्यामुळे त्यांना काही ऐकायची गरजच नव्हती. अकरा वाजेपर्यंत फक्त अण्णा बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सुरतेच्या बहिणीची मुलगी तिसरीत आहे, तिला मराठी अक्षरं नीट लागत नाहीत. ती अण्णांच्या मांडीला टेकून त्यांच्या बोटामागून बोट फिरवत होती.

शेवटी एक छोटा पेला उरला. त्यावर नाव नव्हतं. अण्णांनी तो उलटासुलटा केला, दिव्याजवळ धरला. आठवेना. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "तो आपल्या सालदारानं दिला होता."

आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला बदलतं. आजोबांकडे एक सालदार होते, त्यांचं साल त्या आखाजीलाच संपलं होतं आणि ते दुसऱ्या गावी जाणार होते. पण धाकट्या मालकाचं लग्न आहे म्हणून पाच दिवस थांबले. पेला आणला. नाव घालायला अक्षरामागे पैसे पडायचे, ते त्यांच्याजवळ नव्हते. आईला हे त्यांच्या बायकोनं हळद लावताना सांगितलं होतं, आणि आईनं पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणाली.

अण्णा बराच वेळ पेला हातात धरून बसले. सकाळी त्यांनी भावाला गाडी काढायला लावली. सालदार हयात नाहीत, पण त्यांचा मुलगा पारोळ्याकडे एका गावात असतो, एवढं अण्णांना माहीत होतं. स्वतः गेले. दुपारी तीनला परतले तेव्हा गाडीत तो मुलगा, त्याची बायको आणि एक नातू होता.

संध्याकाळी पंगतीत अण्णांनी त्याला आपल्या उजव्या हाताला बसवलं. पाणी त्याच पेल्यातून दिलं.