क्रीडा अर्थशास्त्रात घालवलेली कारकीर्द: विद्वत्ता की हौस?

धागाकर्ता

अर्थशास्त्राच्या विभागात चलनविषयक धोरणावर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाकडे ज्या आदराने पाहिले जाते, तो आदर खेळाडूंचे वेतन, संघांमधील समतोल आणि स्टेडियमवरचा सरकारी खर्च यांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्याच्या वाट्याला सहसा येत नाही. त्यातून त्याला वर्गात नवनवे अध्यापनप्रयोग करण्याची आवड असेल, तर ‘शिक्षक उत्तम, संशोधक बेताचा’ हा शेरा ठरलेलाच. माझ्या मते हा शेरा अन्यायकारक आहे.

सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ साली अमेरिकी बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावर लेख लिहिला. त्या काळी करारातील एका कलमामुळे खेळाडू एकाच संघाशी जखडलेला असे, आणि हे बंधन काढले तर श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू पळवतील, असे मालक म्हणत. रॉटेनबर्ग यांचा युक्तिवाद असा की, खेळाडू बांधलेला असो वा मोकळा, ज्या संघाला त्याच्यापासून सर्वाधिक उत्पन्न मिळते तिथेच तो अखेर पोहोचतो, कारण मालक त्याला विकू शकतोच. फरक पडतो तो पैसा कोणाच्या खिशात जातो एवढाच. हाच विचार व्यापक रूपात मांडणारा रोनल्ड कोस यांचा गाजलेला लेख १९६० चा आहे. पुढे १९७४ साली जेराल्ड स्कली यांनी खेळाडूमुळे संघाच्या उत्पन्नात पडणारी भर मोजली, तेव्हा वेतन तिच्या मानाने फारच तोकडे असल्याचे दिसले. कारखान्यातल्या एका कामगाराची सीमांत उत्पादकता, म्हणजे त्याच्या एकट्यामुळे उत्पादनात पडणारी भर, अशी वेगळी काढता येत नाही; खेळात प्रत्येक फटक्याची नोंद असते आणि वेतनही बहुधा जाहीर असते.

प्रतिसाद १

मोजमाप चोख आहे, हे मान्य. पण जे चोख मोजता येते ते महत्त्वाचेही असते, हे गृहीतक मला पटत नाही. काही शे माणसांचा, कमालीच्या कौशल्याचा आणि अल्पायुषी कारकिर्दींचा हा बाजार आहे. अव्वल आणि त्याच्या खालोखालचा यांच्या गुणवत्तेत थोडाच फरक असूनही कमाईत प्रचंड तफावत का पडते, हे शेरविन रोझेन यांनी १९८१ साली दाखवून दिले. पण त्यांचे विवेचन अशा अपवादात्मक बाजारांसाठीच होते. त्यावरून शिवणकाम करणाऱ्या किंवा गोदामात राबणाऱ्या माणसाच्या मजुरीबद्दल काय कळणार? शिवाय वर्गात खेळाची उदाहरणे आली की ज्यांना तो खेळ ठाऊक आहे तेच बोलतात, आणि इतरांना अर्थशास्त्राच्या आधी नियम शिकावे लागतात.

प्रतिसाद २

नियमांचा मुद्दा खरा आहे, पण तो उदाहरणाच्या निवडीचा दोष आहे. फुटबॉलमधली पेनल्टी किक घ्या. दोन विद्यार्थी पाठीला पाठ लावून उभे राहतात. एक मारणारा, दुसरा गोलरक्षक. खूण होताच दोघांनी एकाच वेळी डावा किंवा उजवा हात वर करायचा, आणि तिसऱ्याने फळ्यावर नोंद करायची. दहाबारा फेऱ्यांत कोणीतरी एकाच बाजूला चिकटून बसतो, समोरचा ते हेरतो, आणि मिश्र डावपेच (समोरच्याला अंदाज येऊ नये म्हणून ठरावीक प्रमाणात बाजू बदलत राहणे) म्हणजे काय हे व्याख्येआधी उमगते. मग इग्नासिओ पालासिओस-हुएर्टा यांचा २००३ चा अभ्यास पुढे ठेवावा. त्यांनी १,४१७ पेनल्टी तपासल्या. गोलरक्षकाने बाजू चुकवली तर ९० टक्क्यांहून अधिक वेळा गोल होतो. बाजू बरोबर ओळखली तरी निम्म्याहून जास्त वेळा होतोच. गेम थिअरीच्या, म्हणजे एकमेकांच्या चालींवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या शास्त्राच्या हिशेबाने मारणाऱ्याने आपल्या नैसर्गिक बाजूला (उजव्या पायाने मारणाऱ्याची डावी) सुमारे ६१ टक्के वेळा मारायला हवे. प्रत्यक्षातला आकडा होता ६०. चलनविषयक धोरणात सिद्धांत आणि व्यवहार इतके जवळ आलेले मला तरी आठवत नाहीत.

प्रतिसाद ३

वर्ग रंगतो, यात शंका नाही; शंका आहे ती रंगण्यालाच शिकणे समजण्याबद्दल. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. कृतिशील पद्धतीने (स्वतः प्रश्न सोडवत) शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो अशीच त्यांची भावना होती. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना नेमके उलट वाटले. म्हणजे विद्यार्थ्यांच्या पसंतीवरून नव्या पद्धतीचे यश ठरवता येत नाही, आणि बढतीच्या अर्जांत तर बहुतेक वेळा तेवढेच जोडलेले असते. उपयुक्ततेचे म्हणाल, तर सरकारी पैशातून बांधलेल्या स्टेडियममुळे स्थानिक अर्थव्यवस्थेला म्हणावा तसा लाभ होत नाही, हे क्रीडा अर्थतज्ज्ञ अनेक दशके सांगत आले आहेत. स्टेडियम मात्र उभी राहतच आहेत.

धागाकर्ता

राज्यकर्ते ऐकत नाहीत म्हणून निष्कर्ष निरुपयोगी ठरत असेल, तर आयातशुल्काविरुद्ध दोनशे वर्षे लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ आधी घरी पाठवावे लागतील. २०१९ च्या अभ्यासाने तर माझीच बाजू बळकट होते, कारण जी पद्धत विद्यार्थ्यांना जड वाटते पण जास्त शिकवते, ती राबवायला प्राध्यापकाच्या अंगी धाडस लागते.

आता वर्ग आणि संशोधन यांच्या नात्याबद्दल. एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डच्या वर्गात विद्यार्थ्यांना खरेदीदार-विक्रेते बनवून कृत्रिम बाजार भरवला आणि १९४८ साली त्याचे निष्कर्ष छापले. त्या वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे स्वतःच्या विद्यार्थ्यांवर नियम बदलून तोच प्रयोग केला, आणि प्रायोगिक अर्थशास्त्रासाठी २००२ चे नोबेल मिळवले. अध्यापनप्रयोगाला संशोधनाचे सावत्र भावंड मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

प्रतिसाद १

स्मिथ यांचे उदाहरण बिनतोड आहे, पण ते खेळाचे नाही. माझा मूळ प्रश्न उरतोच: खेळातून शिकलेले खेळाबाहेर लागू करता येते का?

प्रतिसाद ४

तो प्रश्न परीक्षेतच सोडवता येईल. वर्गात ऑस्ट्रेलियन माध्यमसम्राट केरी पॅकर यांचे प्रकरण शिकवावे. १९७७ पर्यंत देशाच्या संघासाठी खेळू पाहणाऱ्या क्रिकेटपटूला आपल्या क्रिकेट मंडळाशिवाय दुसरा ग्राहक नव्हता. पॅकर यांनी प्रतिस्पर्धी मालिका उभी करून बडे खेळाडू करारबद्ध केले, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या मंडळालाही मानधनाचा फेरविचार करावा लागला. प्रश्नपत्रिकेत मात्र क्रिकेटचा उल्लेखही नसावा. एकच मोठे रुग्णालय असलेल्या गावातील परिचारिकांचे वेतन कसे ठरेल, आणि तिथे किमान वेतन वाढवले तर रोजगार घटेलच का, असे विचारावे. क्रेता-मक्तेदारीत (जिथे श्रम विकत घेणारा एकच असतो) किमान वेतन वाढूनही रोजगार वाढू शकतो, हे ज्याला कारणांसह मांडता आले त्याला पूर्ण गुण द्यावेत. नेहमीच्या पाठ्यपुस्तकावर शिकलेल्या तुकडीलाही हाच प्रश्न घालावा, आणि बढतीच्या अर्जाला विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांऐवजी दोन्ही तुकड्यांच्या उत्तरांची तुलना जोडावी.