द्राक्षबागेतली फवारणी आणि पहिलं शील

निफाडचा_बागाईतदार

जय भीम, नमो बुद्धाय.

निफाड तालुक्यात आमची दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली, फुटवे निघाले, आता औषधं मारायचे दिवस. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं शिबिर केल्यापासून पहाटे बसतो, मग आईबरोबर त्रिसरण-पंचशील म्हणतो. 'पाणातिपाता वेरमणी', म्हणजे जीवहत्या करणार नाही हे पहिलं शील, म्हणून उठायचं आणि तासाभरात फुलकिड्यांवर ब्लोअर (फवारणीयंत्र) चालवायचा, हे मनाला टोचतं. आई म्हणते, शेतकऱ्याला एवढं चालतं. मित्र म्हणतो, द्राक्षं मोड, सोयाबीन लाव. पण अळी सोयाबीनवरही येतेच.

शिबिरात शील पाळणं जमलं, कारण तिथे बाग नव्हती. संसारात राहून कसं पाळायचं? ज्यांची स्वतःची शेती आहे त्यांनी सांगावं.

त्रिरश्मीचा_वाटसरू

माझी शेती नाही, निवृत्त शिक्षक आहे, तरी एक सांगतो. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, त्यांना जमीन खणायला मनाई आहे, उपासकाला नाही. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्यातला उषवदाताचा लेख बघा. नहपान राजाच्या या जावयाने चार हजार कार्षापण नाण्यांना शेत विकत घेऊन दान दिलं, लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंना त्यातून जेवण मिळावं म्हणून. ते शेत कुणीतरी नांगरतच असणार. भिक्खूचा नियम स्वतःला लावून बाग मोडू नका.

दिंडोरीची_ताई

दादा, आमची बाग दिंडोरी तालुक्यात आहे. नवरा वारल्यापासून मीच बघते. तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढा. आपल्या बऱ्याचशा फवारण्या डाऊनी आणि भुरीसाठी असतात. ते बुरशीचे रोग. तिथे पहिल्या शीलाचा प्रश्न येत नाही. प्रश्न उरतो तो फुलकिडे, मिलीबग, उडद्या या किडींचा.

तिथे मला बाबासाहेबांचा आधार वाटतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' यात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज असा फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, असं ते सांगतात. म्हणजे जबाबदारी आपल्यावर येते. गरज आहे का, हे दरवेळी आपणच तपासायचं.

आणि खरं सांगते, बागेत गरजेपेक्षा भीतीनेच जास्त औषध मारलं जातं. रात्री शेजारच्या बागेत ब्लोअरचा आवाज आला की छातीत धडधड सुरू होते. ढग आले, व्हॉट्सॲपवर कुणी खराब घडाचा फोटो टाकला, दुकानदार म्हणाला 'ताई, आजच मारा', की हात टाकीकडे जातो. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला चार गोष्टी सांगितल्या, ज्यांच्यामुळे माणूस वाईट कर्म करतो: छंद (आसक्ती), दोस (द्वेष), मोह आणि भय. ते चौथं भय म्हणजे आपला रात्रीचा ब्लोअर. ध्यानाचा उपयोग मला इथे होतो. धडधड होतेय, घशाला कोरड पडलीय, हे आधी बघायचं. ती संवेदना आहे, किडीचा पुरावा नाही. म्हणून किडीच्या औषधाचा निर्णय मी रात्री घेत नाही. सकाळी बसून उठते, मग पांढरा कागद घेऊन बागेत जाते. वेगवेगळ्या ओळींतले शेंडे आणि घड कागदावर झटकायचे. किडे दिसले, वाढत असले तर मारते. नसतील तर परत फिरते. कितीतरी फवारण्या अशाच टळतात. मिलीबगसाठी काढणीनंतर खोडाची मोकळी साल काढून जाळते, मुंग्यांकडे लक्ष ठेवते, म्हणजे पुढे औषध कमी लागतं.

मारावं लागलंच तर रागाने मारत नाही, आणि 'एवढं चालतं' असंही म्हणत नाही. जीव जाणार आहेत हे मनात ठेवून मारते.

दुसरं म्हणजे, बागेत जीव फक्त किड्यांचेच नाहीत. थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) पेठ-सुरगाण्याकडून बाया येतात. औषध मारलेल्या ओळीत त्यांना लगेच घालायचं, त्यांच्या नवऱ्यांना हातमोजे, मास्क न देता औषध कालवायला लावायचं, आणि आपण किड्यासाठी हळहळायचं, हे मला पटत नाही. त्याच सुत्तात मालकाची कर्तव्यं दिली आहेत: ताकद बघून काम द्यावं, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारपणात सांभाळावं, गोडधोड वाटून खावं, वेळेवर सुटी द्यावी. पहिलं शील मी तिथेही मोजते. आणि व्यापाऱ्याने शेवटच्या फवारणीची तारीख विचारली की वहीत असेल तीच सांगायची. तेव्हा खोटं न बोलण्याचं चौथं शील कामाला येतं, कारण ती द्राक्षं कुणाचं तरी लेकरू खाणार असतं.

सातपूरचा_साधक

ताई, शंका विचारतो. 'गरज' म्हटलं की सगळंच त्यात बसवता येतं. कर्जाचा हप्ता हीसुद्धा गरजच. मग शील उरलं कुठे?

दिंडोरीची_ताई

दादा, बरोबर विचारलंत. हप्ता माझ्याही डोक्यावर आहे. पण हप्त्याची चिंता ओळीतल्या किडीबद्दल काही सांगत नाही. कागद सांगतो. गरज माझ्या मनात शोधायची नाही, बागेत शोधायची. तरी फसवणूक होऊ शकते हे मान्य. म्हणून रोज बसणं सोडायचं नाही, आणि पौर्णिमेला विहारात चार जणांसमोर हे बोलायचं. एकटीने ठरवलं की मन आपल्याच बाजूने निकाल देतं.

निफाडचा_बागाईतदार

ताई, खूप आधार वाटला. आज रात्रीची फवारणी थांबवली. कागदावर किती किडे दिसले की मारायचं?

दिंडोरीची_ताई

आकडा माझ्याकडून घेऊ नका, बागेची अवस्था बघून तो बदलतो. कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पण फुलोऱ्यापासून मणी धरेपर्यंत कागद रोज न्या. याच काळात फुलकिडे मण्यावर ओरखडे पाडतात. बांधाकडच्या ओळी आधी बघा. आणि आईलाही बरोबर न्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा पक्की असते.