मदत हवी आहे: स्फेरॉइडवर (पेशींच्या गोळ्यांवर) औषध चालत नाही, की चाचणीच फसवतेय?

नमस्कार मंडळी,

एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध तपासतेय. सपाट प्लेटमध्ये मात्रा वाढेल तशा पेशी मरतात, आलेख देखणा येतो. त्याच पेशी तळाला चिकटू न देणाऱ्या, गोल बुडाच्या ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये टाकल्या की स्फेरॉइड होतात आणि मग औषधाला दादच देत नाहीत. शिवाय एकाच मात्रेच्या शेजारशेजारच्या वेलचं रीडिंग जुळत नाही.

मोजणी एमटीटीनेच करतेय, म्हणजे जिवंत पेशींत ज्याचे जांभळे स्फटिक होतात त्या रंगाने. ते विरघळवायला डीएमएसओ हे द्रावक घालून हलवलं तरी गोळ्याच्या मधोमध जांभळा ठिपका तसाच राहतो. गाइड म्हणतात, "थ्रीडीमध्ये पेशी चिवट होतात, लिहून टाक." मला ते पटत नाहीये. ही खरी चिवटपणाची खूण आहे की मोजमापाचा घोळ, हे वेगळं कसं काढायचं? मॅट्रिजेल (पेशींना आधार देणारं जेल) वापरून काही फरक पडेल का?

प्रतिसाद १:
तो ठिपकाच सांगतोय की एमटीटी इथे चालणार नाही. रंग आत नीट शिरत नाही आणि झालेले स्फटिक पुरते विरघळत नाहीत. पेशी फोडून एटीपी (जिवंत पेशीतला ऊर्जेचा रेणू) मोजणारं, खास स्फेरॉइडसाठीचं किट घ्या. अभिकर्मक घातल्यावर प्लेट जोरात हलवा, इथे लाजायचं कारण नाही. औषध न दिलेले गोळेही मोजून घ्या. व्यास ५०० मायक्रॉनच्या वर गेला की ऑक्सिजनअभावी गाभा आपोआप मरू लागतो, मग दोष औषधाच्या माथी जातो. मी ३०० ते ४०० मध्येच ठेवते, वेडेवाकडे गोळे आधीच बाद.

मॅट्रिजेल आत्ता नको. ते उंदराच्या गाठीतून काढतात, दर लॉट थोडा वेगळा. आधीच एक घोळ आहे, त्यात दुसरा कशाला?

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत, पण गाइड अगदीच चुकीचे नाहीत. आतल्या पेशींचं विभाजन मंदावलेलं असतं आणि डॉक्सोरुबिसिनचा मारा मुख्यतः विभाजित होणाऱ्यांवर. औषध आत पोचतंय का, हे बघणं मात्र सोपं आहे, कारण ते स्वतःच लालसर चमकतं. फक्त अख्खा गोळा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून निष्कर्ष काढू नका, खोलवरचा प्रकाश तसाही बाहेर येत नाही. गोठवून पातळ काप घ्या. नुसती कड चमकली तर औषध अडकलंय. मध्यापर्यंत चमकूनही पेशी जिवंत असतील, तर चिवटपणा खरा.

धागाकर्ती:
काप घ्यायचं डोक्यातच आलं नव्हतं. क्रायोस्टॅट (गोठवून काप काढायचं यंत्र) शेजारच्या विभागात आहे, विचारून बघते. काप किती मायक्रॉनचे घेता?

प्रतिसाद २:
१०. आणि स्लाइड उजेडात ठेवू नका, चमक उतरते.