उपकेंद्रात लहान मुलांचा रक्तक्षय ओळखण्याची साधी तपासणी

प्रश्न : समुदाय आरोग्य अधिकारी, बीड जिल्हा
ऊसतोडीला गेलेली कुटुंबे साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, गावी परतली असून पाच वर्षांखालील बरीच मुले निस्तेज दिसतात. डिजिटल हिमोग्लोबिनोमीटरच्या स्ट्रिप संपल्या आहेत. नुसता तळहात पाहून औषध सुरू करणे योग्य ठरेल का?

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, लातूर जिल्हा
तळहात जरूर पाहा, पण मुलाची बोटे मागे ताणू नका. ताणल्याने निरोगी तळवाही पांढरा दिसतो. उजेडात स्वतःच्या तळहाताशी आणि इतर मुलांच्या तळहातांशी तुलना करा. तळवा अगदी पांढराफटक असेल तर स्ट्रिपची वाट न पाहता मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. थोडा फिका असेल तर लोहाचे औषध सुरू करून चौदा दिवसांनी पुन्हा बोलवावे. मात्र तळवा गुलाबी दिसला म्हणून रक्तक्षय नाही, असे कृपया समजू नका, कारण सौम्य रक्तक्षय डोळ्यांना दिसत नाही आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली होती.

उत्तर : प्रयोगशाळा तंत्रज्ञ, प्राथमिक आरोग्य केंद्र
स्ट्रिप येईपर्यंत साहलीची पद्धत, म्हणजे रंग जुळवून हिमोग्लोबिन मोजण्याची पद्धत, वापरता येते. नळीत २० च्या खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन त्यात पिपेटने ०.०२ मिलि रक्त सोडायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि उपकरणातल्या दोन्ही बाजूंच्या प्रमाणित रंगीत काचांशी रंग जुळेपर्यंत थेंबथेंब डिस्टिल्ड वॉटर घालायचे. घाईत ही दहा मिनिटे कापली, तर आकडा खोटा कमी येतो. त्याहून मोठा घोळ बोट टोचताना होतो. मूल रडते, हात ओढते, रक्त येत नाही म्हणून आपण बोट दाबून पिळतो. मग पेशींभोवतालचे पाणी रक्तात मिसळते आणि चांगल्या मुलाचे हिमोग्लोबिनही कमी भरते. हात आधी कोमट पाण्याने शेकून घ्या, स्पिरिट पूर्ण वाळू द्या, पहिला थेंब पुसून टाका आणि पुढचा आपोआप आलेला थेंबच घ्या.

उत्तर : आरोग्य सेविका, किनवट
आमच्या आदिवासी पाड्यांवरचा अनुभव असा की, महिनाभर लोहाचे औषध नियमित देऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेसुद्धा वाढले नाही, तर मात्रा न वाढवता मुलाला पुढे पाठवावे आणि त्याची सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी करून घ्यावी.