‘व्हेरी पिच ब्लॅक’ का चालत नाही?

प्रश्न : सर, निबंधात मी लिहिलं, ‘द नाइट वॉज व्हेरी पिच ब्लॅक.’ ‘व्हेरी’ला लाल गोल आला. जागलीची रात्र होती, वावरात भल्ला अंधार होता. मग जोर दिला तर चुकलं कुठं? अन् ‘पिच’ म्हणजे क्रिकेटचीच ना?

उत्तर : बेटा, ही पिच वेगळी. लाकडाचा डांबरी रस आटवला की जो घट्ट, काळा, चिकट गाळ उरतो तो पिच. लाकडी जहाजांच्या फटी त्यानं बुजवत. म्हणजे ‘पिच ब्लॅक’मध्ये काळेपणा आधीच टोकाला गेलेला आहे, ‘व्हेरी’ला जागाच उरत नाही. तुझी आजी ‘भल्ला काया ढग’ म्हणेल, ‘काया कुट्ट ढग’ही म्हणेल, ‘भल्ला काया कुट्ट’ म्हणणार नाही. नियम तुला येतोच, फक्त इंग्रजीत ओळखला नाहीस.

आता खरी गंमत बघ. रात्र पिच ब्लॅक असते, पण केस किंवा घोडा ‘जेट ब्लॅक’. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षं जमिनीत दबून दगडासारखं झालेलं लाकूड. घासलं की चकाकतं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्हिटबी गावात त्याचे दागिने घडवत. म्हणून जेटच्या काळ्यात चमक आहे, कौतुक आहे; पिचच्या काळ्यात हात दिसेनासा होतो. आपणही असंच करतो : अंधार काळाकुट्ट, पण केस काळेभोर आणि कपाशीची जमीनही काळीभोर. कसदार जमिनीला काळीकुट्ट म्हटलेलं कोणत्याच शेतकऱ्याला रुचणार नाही. दोन्ही भाषांनी काळ्याची अशी वाटणी करावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या जोड्या मोडून दुसरीकडे लावता येत नाहीत. पिवळं धमक, लाल भडक, आंबट ढाण. ‘लाल ढाण’ कुणी म्हणत नाही. तसंच हाडासारखं कोरडं ते ‘बोन ड्राय’, पण चिंब भिजलेल्याला ‘सोकिंग वेट’. ‘पाइपिंग हॉट’ म्हणजे चुलीवरून उतरतानाच चर्र वाजणारं, वाफाळतं; म्हणून ते खाण्यापिण्यालाच लागतं. चंद्रपुरातला मे महिना पाइपिंग हॉट नसतो, ‘स्कॉर्चिंग’, होरपळवणारा असतो.

‘ब्रँड न्यू’चा कंपनीच्या ब्रँडशी थेट संबंध नाही. ब्रँडचा जुना अर्थ जळतं लाकूड, विस्तव. भट्टीतून आत्ताच निघालेलं ते ब्रँड न्यू. आपल्याकडचा नवा ट्रॅक्टर कोरा करकरीत. तिथं नवेपण आवाजावरून कळतं, इंग्रजीत धगीवरून.

एका ताईंची भर : सर, ‘स्टार्क नेकेड’ (पूर्ण उघडा) पूर्वी ‘स्टार्ट नेकेड’ होतं असं मी वाचलं. खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, ताई. त्या ‘स्टार्ट’चा अर्थ शेपूट. म्हणजे पार शेपटापर्यंत उघडा. पुढं तो अर्थ विसरला गेला आणि लोकांनी ओळखीचा ‘स्टार्क’ तिथं बसवला. हिवाळ्यात आपल्या गोठ्याजवळ, कुंपणावर शेपूट थरथरवत बसणारा थिरथिरा आठवा. त्याचं इंग्रजी नाव ‘रेडस्टार्ट’, लाल शेपटीचा. हरवलेला शब्द त्या पाखराच्या नावात अजून टिकून आहे.

पुन्हा प्रश्न : सर, मग ‘ठार बहिरा’ला ‘डेड डेफ’ म्हणू?

उत्तर : नाही, ‘स्टोन डेफ’. ‘ठार’ आणि ‘डेड’ दोन्ही मरणाचेच शब्द, पण त्यांची शिवारं वेगळी. ‘ठार’ बहिऱ्याला, वेड्याला, आंधळ्याला लागतं. ‘डेड’ भलतीकडेही फिरतं : ‘डेड टायर्ड’, ‘डेड शुअर’, अगदी मधोमध ते ‘डेड सेंटर’. आपण मात्र ठार थकत नाही, थकून चूर होतो. आणि ‘डेड टायर्ड’, ‘डेड शुअर’ बोलण्यातले आहेत. मित्राला लिही, नोकरीच्या अर्जात नको.