पुण्यात तीन दिवस: इराणी, पारशी, कोरियन... सोलापुरात मिळत नाही ते कुठे खावं?

माधुरी_सोलापूर:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय, शुक्रवारी सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने आणि रविवारी संध्याकाळच्या हुतात्मानेच परत. मी, नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. उतरणार मावशीकडे, कोथरूडला वनाझजवळ. पुण्याला आलं की दरवेळी मिसळ, थाळी, मस्तानी होतं, ते छानच असतं, पण या वेळी ठरवलंय की जे सोलापुरात मिळतच नाही ते खायचं. इराणी, पारशी, जमलं तर थाई, आणि मुलीला कोरियन, तिच्या त्या सिरीयल बघून बघून घरात नुसतं किंबाप किंबाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्या) चाललंय. नेटवर बघितलं तर प्रत्येक यादीत वेगळीच नावं आणि सगळ्यांना साडेचार स्टार, त्यातून काय कळणार. मला चकाचक हॉटेल नकोय, ते ते लोक स्वतः जसं खातात त्याच्या जवळ जाणारं हवंय. नवरा सगळं खातो. सासूबाई शाकाहारी, अंडंही नाही, पण नवीन चवीला त्यांची ना नसते. एखादं जेवण महाग झालं तर चालेल, रोज नको. गाडी नाही, मेट्रो आणि रिक्षाने फिरणार.

कॅम्पातली_जुनी:
माधुरीताई, माझं सगळं आयुष्य कॅम्पात गेलंय त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. एक सांगते, आधी हॉटेल शोधू नका, ते लोक कुठे राहतात ते शोधा. तुमच्या सोलापुरात तेलुगू जेवण चाखायचं तर कुणीही पूर्व भागात विणकरांकडेच पाठवेल ना, तसंच पुण्यात आहे. पारशी आणि इराणी कॅम्पात, दक्षिणेकडचे रास्ता पेठेत, अरबी जेवण कोंढव्यात, आणि परदेशी माणसं कोरेगाव पार्क-कल्याणीनगरला. ज्या वस्तीत ते लोक रोज जेवतात तिथल्या हॉटेलवाल्याला चव बिघडवून चालत नाही, गिऱ्हाईक तोंडावर सांगतं.

पारशी म्हणाल तर डोराबजी अँड सन्स, कॅम्पात दस्तूर मेहेर रोडवर. १८७८ पासूनचं आहे. बाहेरून बघून काहीच वाटणार नाही, साधं आहे, पण तुम्हाला चकाचक नकोच आहे. तिथे रविवारी दुपारीच जा. कारण असं की धानसाक हे पारशी घरातलं रविवारचं जेवण. डाळी, भाज्या आणि मटण एकत्र शिजवून घोटतात, सोबत साखर करपवून तांबूस केलेला भात आणि कांद्याची कचुंबर, आणि ते इतकं जड असतं की नंतर झोप हवीच म्हणून रविवार. लग्नामुंजीसारख्या शुभ दिवशी पारशी घरात ते करत नाहीत, कुणी गेलं की काही दिवस मांसाहार बंद असतो आणि चौथ्या दिवशी धानसाक करून तो सोडतात, म्हणून कुणा पारशी मैत्रिणीच्या वाढदिवसाला धानसाक मागू नका हो, वाईट दिसतं. पात्रा नी मच्छी मिळाली तर जरूर घ्या, पापलेटला हिरवी चटणी लावून केळीच्या पानात वाफवतात, तिखट अजिबात नसतं, कोथिंबीर-खोबऱ्याचा वास आणि माशाचा गोडवा. सल्ली बोटी म्हणजे आंबटगोड मटण, वर बटाट्याची बारीक कुरकुरीत सळी. मुलीला हे आवडेल.

आणि शुक्रवारी हुतात्मा साडेदहाच्या सुमारास स्टेशनात येते ना, तर सामान घेऊन थेट कोथरूडला पळू नका. स्टेशनपासून वोहुमन कॅफे जवळ आहे, ढोले पाटील रोडला. चीज ऑम्लेट, बन मस्का आणि इराणी चहा. सासूबाईंना बन मस्का आणि चहा. नंतर रुबी हॉलला मेट्रोत बसलात की न बदलता थेट वनाझ.

सदाशिव_४११०३०:
कॅम्पवाल्या ताईंचं म्हणणं पटतंय पण इराण्यांसाठी कॅम्पातच जायला पाहिजे असं नाही, तुम्ही वनाझला राहताय तर डेक्कनला उतरून गुडलक चालत गाठता येईल. १९३५ सालचं आहे, चौकाचं नावच गुडलक चौक पडलंय. आपल्याकडे इराणी म्हटलं की सगळे एकाच धर्माचे वाटतात पण तसं नाहीये, इराणातल्या यझद आणि करमानकडून आलेले बरेच झरथुष्ट्री, म्हणजे पारशी धर्माचे होते आणि काही शिया मुसलमान, गुडलक शिया कुटुंबाने सुरू केलेलं. त्यामुळे खिमा पाव, बिर्याणी हा भाग तिथे जोरात. सकाळी लवकर गेलात तर शांतपणे बसता येतं, नऊनंतर कॉलेजची पोरं येतात आणि मग टेबल शेअर करावं लागतं, ते वाईट मानू नये, इराण्याकडे अनोळखी माणसासमोर बसून चहा पिणं ही पद्धतच आहे.

इराणातलं अस्सल जेवण, म्हणजे चहा-मस्क्याच्या पलीकडचं, हवं असेल तर बंडगार्डन रोडला ब्लू नाईल. चेलो कबाब मागा. भातावर लोण्याचा गोळा, बाजूला कबाब, मसाला जवळजवळ नाहीच. आपल्या जिभेला पहिले दोन घास फिके लागतील, सोलापूरच्या जिभेला तर नक्कीच, पण थांबा जरा, भाताचा आणि मांसाचा स्वतःचा स्वाद येतो. सोबत बिर्याणी मागवली की तिच्या मसाल्यापुढे कबाब हरवतो, म्हणून आधी एकटा खा.

चाकणकर_इंजिनिअर:
कोरियनचं मी सांगतो, कारण आमच्या लाईनमध्ये कोरियन लोकांशी रोजचा संबंध येतो. पुण्यात कोरियन जेवण आलं ते सिरीयलमुळे नाही, कारखान्यांमुळे. रांजणगावला एलजी आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा प्लँट ह्युंदाईने घेतला, ती माणसं आणि त्यांची कुटुंबं पुण्यात राहतात, त्यांना संध्याकाळी घरचं जेवण हवं असतं. मग सिरीयलवाली पोरं नंतर आली आणि कॅफे निघाले, कार्टूनच्या भिंती, गोड सॉस मारलेलं चिकन, फोटोला छान. हॉटेलाचं नाव मुद्दाम देत नाही, ही हॉटेलं जागा आणि मालक फार लवकर बदलतात, पण ओळखायचं कसं ते सांगतो. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, विमाननगर या पट्ट्यात शोधा, फोन करून विचारा की बानचान देता का. बानचान म्हणजे जेवणाआधी टेबलावर येणाऱ्या छोट्या छोट्या वाट्या, किमची, मोड आलेले मूग, पालक, बटाटा वगैरे, आपण ताटात डाव्या बाजूला चटणी-कोशिंबीर वाढतो तसंच समजा, त्याचे पैसे लावत नाहीत आणि संपलं की परत देतात. जिथे हे नीट देतात तिथे कोरियन माणसं जेवायला येतात. मेन्यूकार्डावर कोरियन लिपी असली आणि रात्री एखाद्या टेबलावर ऑफिसातली चार कोरियन मंडळी दिसली की बिनधास्त बसा.

किंबाप तर मागवाच पण मुलीला सुंदुबू चिगे पण खायला लावा, मऊ टोफूचा (सोयाबीनच्या पनीरचा) लाल तिखट रस्सा असतो, जाड मातीच्या भांड्यात उकळत येतो, सोबत भात. सोलापूरच्या माणसाला तो हमखास आवडणार.

माधुरी_सोलापूर:
किती मनापासून लिहिताय सगळे, खूप आभार. चाकणकरदादा, बानचानचं वाचून मुलगी उड्या मारतेय. पण सासूबाईंचं काय करू? किमची म्हणजे कोबीचं लोणचंच ना, ते चालेल का? आणि थाई हिरवी करी भाजी घालून करतात ती चालेल का? त्यांनी कधी काही मागितलं नाही पण त्यांना कोपऱ्यात बसवून आम्ही खातोय असं मला अजिबात करायचं नाहीये.

पानवाढणी:
माधुरी, हे विचारलंस ते फार बरं केलंस कारण इथेच बहुतेक जण फसतात. पारंपरिक किमचीत खारवलेली छोटी कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. दिसत नाही, पण असतो. थाई करीचं वाटण असतं त्यात कोळंबीची पेस्ट आणि वरून फिश सॉस, त्यामुळे व्हेज थाई करी म्हणजे कित्येक ठिकाणी फक्त चिकनच्या जागी भाजी, वाटण तेच. वेटरला व्हेज आहे का विचारलं तर तो हो म्हणतो, खोटं बोलत नाही बिचारा, त्याच्या हिशोबाने त्यात मासा दिसत नाही. म्हणून प्रश्न असा विचार, फिश सॉस घालता का, कोळंबीची पेस्ट घालता का, आणि नाही घातलं तर करून द्याल का. कोरियन रश्श्यांचा पायाही बऱ्याचदा सुक्या माशांच्या पाण्याचा असतो, तो सुंदुबू चिगे सुद्धा. सकाळी फोन करून विचारलंस तर उत्तर नीट मिळतं, रात्री आठला गर्दीत कुणाला वेळ नसतो.

थाई आणि त्या पट्ट्यातलं जेवण कोरेगाव पार्कला मलाका स्पाइसमध्ये चांगलं मिळतं, जुनं आहे, भिंतींवर चित्रं लावलेली असतात. पण सासूबाईंसाठी मला विचारशील तर तिथल्याच भागात, ओशो आश्रमाजवळ, डारियोज. इटालियन माणसाने सुरू केलेलं आणि पूर्ण शाकाहारी. तिथे त्यांना मांस-माशाची चौकशी करत बसावं लागणार नाही, फक्त पास्त्यात किंवा गोडात अंडं आहे का तेवढं विचारून घे. माझ्या सासूबाईंना रिसोत्तो फार आवडला, मऊ आसट भाताची त्यांना सवय होतीच. ज्या घरात एक माणूस शाकाहारी असतं ना त्या घरात ते माणूस बाहेर गेलं की नेहमी उरलंसुरलं खातं, तळलेले बटाटे नाहीतर फ्राईड राईस, म्हणून एक तरी जेवण त्यांच्यासाठी निवडलेलं असू दे, बाकीचे त्या दिवशी त्यांच्याबरोबर खातील.

कोंढवा_एनआयबीएम:
मंदी या अरबी भात-मांसाच्या पदार्थाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. मूळ येमेनचं जेवण, पुण्यात शिकायला येणारी अरब मुलं बरीच, आणि कोंढव्यात मंदी आणि तसाच आखाती मजबूस देणारी हॉटेलं पण बरीच. मोठ्या परातीत भात, वर मांस, खाली बैठकीवर बसून सगळ्यांनी एकाच परातीतून खायचं. दोघांसाठी नका जाऊ, चार-पाच जण लागतात. पण ताई तुमच्या सासूबाईंसाठी तिथे फार काही नाही आणि वनाझहून कोंढवा लांब, मेट्रो नाही, त्यामुळे या खेपेला राहू दे, पुढच्या वेळी नवरा आणि मित्रमंडळी असतील तेव्हा.

माधुरी_सोलापूर:
ठरलं मग. शुक्रवारी सकाळी उतरल्या उतरल्या वोहुमन, रात्री मावशीकडेच. शनिवारी सकाळी गुडलक, दुपारी डारियोज सासूबाईंसाठी, संध्याकाळी लवकर मुलीचं कोरियन, तिथे सासूबाईंसाठी काय होईल ते आधी फोन करून विचारते. रविवारी दुपारी डोराबजी. चेलो कबाब आणि थाई राहिलं याचं वाईट वाटतंय पण तीन दिवसांत पोटाला पण विचारायला हवं. रविवारी सासूबाई मावशीबरोबर घरी थांबतो म्हणाल्यात, त्यांना मटणाच्या वासात बसायचं नाहीये, ते त्यांनी स्वतःच सांगितलं.

कॅम्पातली_जुनी:
छान ठरवलंत. रविवारी एक-दीडला गर्दी होते, साडेबारापर्यंत पोचा, आणि धानसाक आहे ना ते बसायच्या आधी विचारून घ्या. कयानी बेकरी जवळच आहे, ईस्ट स्ट्रीटला, १९५५ ची, पण श्रूजबेरी बिस्किटं घ्यायची तर ती रविवारवर ठेवू नका, शुक्रवारीच वोहुमनहून सामान घेऊन रिक्षाने जाऊन या, आणि दुपारी ती बंद असते म्हणून साडेबाराच्या आत. सासूबाईंसाठी कुठल्यात अंडं नाही ते काउंटरवर विचारा. रविवारी डोराबजीहून स्टेशन रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं धरा, सासूबाई मावशीकडून मेट्रोने परस्पर स्टेशनला येऊ शकतील, थेट गाडी आहे.

माधुरी_सोलापूर:
हे फार सोयीचं झालं. मावशीच त्यांना पुणे स्टेशनला घेऊन येईल. रविवारी रात्री गाडीतून लिहिते कसं झालं ते, धानसाकचा आणि किंबापचा फोटोही टाकते.